पर्गाऊ धरण: शब्द आधी दिला, तपासणी नंतर झाली

परदेशी मदत वाया कशी जाते, असं विचारलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पैसे खाणारा पुढारी येतो, नाहीतर माळावर अर्धवट सोडलेली इमारत. मलेशियातल्या पर्गाऊ धरणाच्या बाबतीत तसं काही दाखवता येत नाही. धरण बांधून पूर्ण झालं आणि वीज देऊ लागलं. ज्या सरकारला मदत मिळाली त्याला ते धरण हवंच होतं, मागणी त्यांचीच होती. तरीही ब्रिटननं त्यासाठी दिलेली मदत लंडनच्या उच्च न्यायालयानं नोव्हेंबर 1994 मध्ये बेकायदा ठरवली. मदतीचा परिणाम कसा वाढवायचा याचा विचार करणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण एकदा तारखांच्या क्रमानं वाचावं, असं मला मनापासून वाटतं. सगळा गुंता त्या क्रमातच आहे.

निवडून आलेल्या नेत्यांची नावं पुढे येतील. अधिकाऱ्यांची मात्र फक्त पदं दिली आहेत. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी त्यांच्यासमोरचा पेच तोच राहिला असता.

पार्श्वभूमी

ब्रिटनच्या मदतीच्या अंदाजपत्रकात 1977 पासून एक वेगळी रक्कम बाजूला ठेवली जात होती. तिचं नाव ‘मदत व व्यापार तरतूद’. गरीब किंवा विकसनशील देशाचा एखादा प्रकल्प ब्रिटिश कंपनीला मिळणार असेल, तर त्या कंपनीचा भाव परवडावा म्हणून या तरतुदीतून अनुदान किंवा व्याजात सवलत दिली जाई. दोन अटी होत्या. प्रकल्प त्या देशाच्या विकासाला खरोखर उपयोगी असावा आणि ब्रिटिश उद्योगालाही त्याचं महत्त्व असावं. पहिली अट तपासायचं काम परदेशी विकास प्रशासन या खात्याचं होतं. हे खातं परराष्ट्र मंत्रालयाच्या हाताखाली होतं. दुसऱ्या अटीचा आग्रह व्यापार खात्याचा असे.

अशा मदतीला बांधील मदत म्हणतात. पैसे मिळतात, पण खरेदी देणाऱ्याच्याच दुकानातून करावी लागते. दुकान एकच असलं की भाव चढतो. बांधील मदतीमुळे वस्तू आणि सेवांची किंमत साधारण 15 ते 30 टक्क्यांनी वाढते, असा आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा बऱ्याच वर्षांपासूनचा अंदाज आहे. आपल्याला याचं जवळचं उदाहरण आठवेल. 1980च्या दशकात ब्रिटननं भारताला साडेसहा कोटी पौंडांची मदत दिली आणि तिच्यातून 21 ब्रिटिश हेलिकॉप्टरं आली. अपघात झाले, हेलिकॉप्टरं जमिनीवर आली ती पुन्हा उडाली नाहीत, आणि 1990च्या दशकात ती मूळ किमतीच्या अगदी किरकोळ भागाला विकावी लागली. तेवढ्या पैशात भारतानं स्वतः काय घेतलं असतं, हा प्रश्न त्या व्यवहारात कुणी विचारायचाच नव्हता.

मलेशियाच्या प्रकरणात आणखी एक धागा होता, शस्त्रांचा. मार्च 1988 मध्ये ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी क्वालालंपूरमध्ये एका मसुद्यावर सही केली. मलेशिया जेवढ्या किमतीची ब्रिटिश शस्त्रं घेईल त्याच्या 20 टक्क्यांएवढी मदत देण्याची गोष्ट त्यात होती. मदतीचा पैसा शस्त्रविक्रीला जोडायचा नाही, हे ब्रिटिश सरकारचं जाहीर धोरण होतं. म्हणून लंडनमध्ये धावपळ झाली. जून 1988 मध्ये संरक्षणमंत्र्यांनी मलेशियाला पत्र लिहून असा संबंध जोडता येत नाही असं कळवलं. त्याच दिवशी क्वालालंपूरमधल्या ब्रिटिश उच्चायुक्तांचंही एक पत्र गेलं. त्यात 20 कोटी पौंडांपर्यंत मदत देण्याची तयारी दाखवली होती. शस्त्रांचा व्यवहार सुमारे 100 कोटींचा धरला जात होता. 100 कोटींचे 20 टक्के किती, हा हिशेब दोन्ही राजधान्यांत कुणालाही करता येत होता. सप्टेंबर 1988 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि मलेशियाचे पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांनी शस्त्रखरेदीच्या सामंजस्य करारावर सह्या केल्या.

पर्गाऊचा प्रस्ताव पुढे आला तो हे सगळं झाल्यावर. केलांतान राज्यातल्या पर्गाऊ नदीवर 600 मेगावॉटचं जलविद्युत केंद्र उभारायचं आणि ते ब्रिटिश कंपन्यांच्या समूहानं बांधायचं, असा तो प्रस्ताव होता.

पाच आठवडे

माझ्या मते सगळं प्रकरण 1989च्या मार्च आणि एप्रिलमधल्या पाच आठवड्यांत ठरलं. पुढची पाच वर्षं त्याचे परिणाम भोगण्यात गेली.

कंपन्यांनी सुरुवातीला 31.6 कोटी पौंड खर्च सांगितला. विकास खात्याच्या एका छोट्या पथकानं मलेशियाला धावती भेट दिली आणि या किमतीला प्रकल्प काठावर परवडेल, असं प्राथमिक मत दिलं. ‘काठावर’ या शब्दात पुरेसा इशारा होता. मार्चच्या मध्याला महाथिर लंडनला आले. पंतप्रधानांच्या भेटीत थॅचर यांनी त्यांना 6.825 कोटी पौंडांपर्यंत मदतीचा तोंडी शब्द दिला. भेट ठरलेली होती आणि तिच्यासाठी काहीतरी हाती असणं सोयीचं होतं. खात्याचा पूर्ण अभ्यास मात्र अजून झालेला नव्हता.

शब्द दिल्यावर दोनच आठवड्यांनी कंपन्यांनी किंमत 39.7 कोटींवर नेली. वाढ एका फटक्यात पंचवीस टक्क्यांहून जास्त. 31.6 कोटींना काठावर असलेला प्रकल्प या किमतीला तोट्यात गेला. एप्रिलच्या सुरुवातीला खात्याच्या अर्थतज्ज्ञांनी तसं स्पष्ट सांगितलं. तरी एप्रिलच्या मध्याला ब्रिटननं औपचारिक प्रस्ताव पाठवला, कारण पंतप्रधानांनी शब्द दिला होता.

अडचण नेमकी काय होती

धरण चांगलं की वाईट, असा प्रश्न अर्थतज्ज्ञांपुढे नव्हता. तीच वीज गॅसच्या केंद्रातून स्वस्त पडेल का, हा प्रश्न होता. धरणाचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीच्या काही वर्षांत होतो, आणि मग पाणी फुकट मिळतं. गॅस टर्बाइन लवकर आणि स्वस्तात उभं राहतं, पण ते चालेल तितकी वर्षं इंधन विकत घ्यावं लागतं. म्हणून निकाल तीन गोष्टींवर ठरतो: बांधकामाची किंमत, गॅसचा भाव आणि वर्ष. मलेशियाकडे स्वतःचा नैसर्गिक वायू मुबलक होता. पर्गाऊ हे काही दिवसरात्र चालणारं केंद्र नव्हे. मागणी शिगेला पोचते त्या थोड्या तासांसाठी ते होतं, आणि थोडे तास वीज पुरवायला टर्बाइन विशेष सोयीचं पडतं. बांधकाम महाग झालं की धरण फायद्याचं ठरण्याचं वर्ष पुढे सरकतं. फेब्रुवारी 1990च्या सविस्तर मूल्यमापनात ते वर्ष 2005च्या आसपास निघालं. तोवर थांबावं, आज बांधणं म्हणजे फार वाईट खरेदी, असा खात्याचा निष्कर्ष होता. पुढे लेखापरीक्षणात आलेल्या हिशेबानुसार गॅसच्या पर्यायापेक्षा हे धरण मलेशियाच्या वीजग्राहकांना 35 वर्षांत सुमारे 10 कोटी पौंडांनी महाग पडणार होतं. हा आकडा ब्रिटिश मदत जमेला धरूनचा आहे.

हे वाचताना मी दर वेळी थांबतो. मदत मिळूनही मदत घेणाऱ्याचा तोटा. आणि तो तोटा भरणार कोण, तर वाटाघाटीच्या टेबलापासून कोसो दूर असलेला, महिन्याचं वीजबिल भरणारा माणूस.

समोरचे पर्याय

एप्रिल 1989 मध्ये ब्रिटनपुढे काय काय होतं, ते असं मांडता येतं.

किंमत बदलली म्हणून शब्द मोडता आला असता. तोंडी प्रस्ताव ज्या किमतीवर दिला ती किंमतच राहिली नव्हती, त्यामुळे मागे फिरायला सभ्य कारण हाताशी होतं. ही वाट सर्वांत सरळ होती आणि ती फार थोडा काळ खुली होती. औपचारिक पत्र गेलं आणि ती बंद झाली.

रक्कम तीच ठेवून प्रकल्प बदलता आला असता. मलेशियाला वीज हवी होती आणि ब्रिटनला विक्री हवी होती. गॅसवर चालणारं केंद्रही ब्रिटिश कंपन्या बांधू शकत होत्या. बांधील मदतीच्या चौकटीत राहूनही मलेशियाच्या ग्राहकाचा तोटा यात टळला असता. आज मागे वळून बघताना हाच पर्याय सगळ्यांत वाया गेलेला वाटतो.

तिसरी वाट थांबण्याची. धरण पुढे ढकलायचं, त्याची गरज कधी लागेल याचा अभ्यास दोघांनी मिळून करायचा आणि शब्द त्या वर्षापर्यंत जिवंत ठेवायचा. अर्थतज्ज्ञांचा कौल हाच होता. पण पंतप्रधानांनी दिलेला शब्द पंधरा वर्षांनी पाळायचा, हे राजकारणात कुणाच्या पचनी पडत नाही.

उरली ती पुढे जाण्याची वाट. तिच्या बाजूची कारणं पोकळ नव्हती, हे सांगायलाच हवं. ब्रिटनच्या शब्दाची किंमत हा खरा मुद्दा होता. मलेशियातली बाजारपेठ मोठी होती, देशात नोकऱ्या होत्या, संबंध बिघडण्याची भीती होती. यातली एकही गोष्ट मलेशियाच्या विकासाशी जोडलेली नव्हती, एवढंच. शेवटी न्यायालयात नेमकं तेच महागात पडलं.

1991: सचिवांचं टिपण

पुढची दोन वर्षं खातं हिशेब पुन्हा पुन्हा मांडत राहिलं आणि उत्तर दर वेळी तेच आलं. दरम्यान माणसं बदलली. 1989च्या अखेरीस डग्लस हर्ड परराष्ट्रमंत्री झाले, नोव्हेंबर 1990 मध्ये थॅचर यांच्या जागी जॉन मेजर आले. ज्यांनी शब्द दिला त्या गेल्या होत्या. तो पाळण्याची जबाबदारी आता दुसऱ्यांच्या गळ्यात होती.

ब्रिटनमध्ये प्रत्येक खात्याचा सचिव त्या खात्याच्या खर्चाला व्यक्तिशः जबाबदार असतो आणि त्यासाठी त्याला संसदेच्या लोकलेखा समितीसमोर उभं राहावं लागतं. मंत्री सांगतील तो खर्च करणं एरवी त्याचं काम. पण एखादा खर्च नियमाबाहेरचा आहे किंवा पैशाचं मोल मिळत नाही असं त्याला वाटलं, तर तो आपली हरकत लेखी नोंदवून मंत्र्यांकडे लेखी आदेश मागू शकतो. आदेश मिळाला की खर्च करावा लागतो, पण जबाबदारी मंत्र्यांकडे जाते आणि प्रकरण महालेखापरीक्षकांपर्यंत पोचतं. ही तरतूद क्वचितच वापरली जाते. ज्यानं वापरली त्याच्या कपाळावर ‘अडवणूक करणारा’ असा शिक्का बसण्याची भीती असते.

फेब्रुवारी 1991 मध्ये विकास खात्याच्या सचिवांनी हरकत लेखी दिली. हा मदतीच्या कार्यक्रमाचा गैरवापर होईल, इतक्या थेट शब्दांत. हर्ड यांनी राजकीय आणि व्यापारी कारणांना जास्त वजन दिलं, मेजर यांचीही संमती होती, आणि जुलै 1991 मध्ये मदतीला अंतिम मंजुरी मिळाली. तोपर्यंत प्रकल्पाची किंमत 41.7 कोटींवर पोचली होती. 14 वर्षांत मिळून ब्रिटनचा मदतीतला वाटा 23.4 कोटी पौंडांचा होणार होता. ब्रिटनच्या मदतीच्या अंदाजपत्रकातून एका प्रकल्पाला तोवर दिलेली ही सर्वांत मोठी रक्कम.

सचिवांनी काय केलं नाही, हेही पाहण्यासारखं आहे. त्यांनी कागद वृत्तपत्राकडे पाठवले नाहीत, राजीनामा दिला नाही, काम रेंगाळत ठेवलं नाही. आपलं म्हणणं फाईलवर आणलं आणि आदेश आल्यावर पैसे दिले. त्या दिवशी बघणाऱ्याला ते हरलेले दिसले असते.

काय घडलं

ऑक्टोबर 1993 मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. आपल्याकडच्या कॅगसारखी ही संस्था. सचिवांची हरकत आणि मंत्र्यांचा आदेश तेव्हा लोकांसमोर आला. 1994 मध्ये लोकलेखा समिती आणि परराष्ट्र व्यवहार समिती या दोघांनीही चौकशी केली आणि 1988च्या शस्त्रकराराचा धागा उघड झाला. त्याच सुमारास एका ब्रिटिश वृत्तपत्रात मलेशियातल्या लाचखोरीचे आरोप छापून आले. महाथिर यांच्या सरकारनं फेब्रुवारी 1994 मध्ये ब्रिटिश कंपन्यांना सरकारी कंत्राटं देणं बंद केलं. ही बंदी सप्टेंबरपर्यंत टिकली. व्यापार आणि मैत्री जपायची म्हणून जे धरण मंजूर केलं, त्याच्याच निमित्तानं व्यापार आणि मैत्री दोन्हींना तडा गेला.

मग वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट ही विकासाच्या प्रश्नांवर काम करणारी ब्रिटिश संस्था न्यायालयात गेली. तिचं स्वतःचं काही नुकसान झालं नव्हतं, म्हणून तिला दाद मागण्याचा अधिकार आहे का, इथपासून वाद झाला. न्यायालयानं तो अधिकार मान्य केला. तेवढ्या भागासाठीही हा निकाल ब्रिटनमध्ये आजवर महत्त्वाचा मानला जातो. 1980च्या कायद्यात मदतीचा हेतू लिहिला होता: दुसऱ्या देशाचा विकास साधणं, त्याची अर्थव्यवस्था सांभाळणं किंवा तिथल्या लोकांचं कल्याण. सरकारचं म्हणणं होतं की विकास कशाला म्हणायचं हे मंत्र्यांनी ठरवावं. न्यायालय म्हणालं की संसदेला आर्थिकदृष्ट्या ठाकठीक असा विकासच अभिप्रेत असणार. तसा पायाच नसेल, तर मैत्री आणि शब्दाची पत ही कारणं त्याची जागा घेऊ शकत नाहीत. 10 नोव्हेंबर 1994 रोजी मदत बेकायदा ठरली.

धरण थांबलं नाही. करार झालेला होता, काम चालू होतं. मलेशियाला पैसे मिळत राहिले, फक्त मदतीच्या अंदाजपत्रकाऐवजी सरकारच्या राखीव निधीतून त्यांची सोय केली गेली. 1997 मध्ये आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारनं विकासासाठी स्वतंत्र मंत्रालय काढलं आणि मदत व व्यापार तरतूद बंद केली. एप्रिल 2001 पासून ब्रिटिश मदत बांधील राहिली नाही. 2002च्या कायद्यात गरिबी कमी करणं हे मदतीचं ध्येय म्हणून लिहिलं गेलं. त्याआधी डिसेंबर 1991 मध्येच श्रीमंत देशांनी हेलसिंकीत एक समझोता केला होता. स्वतःच्या कमाईवर चालू शकतील अशा प्रकल्पांना आणि तुलनेनं सुस्थितीतल्या देशांना बांधील मदत द्यायची नाही, असा तो समझोता. पर्गाऊची सही त्याच्या पाच महिने आधीची आहे.

वेगळं काय करता आलं असतं

हे प्रकरण शिकवलं जातं तेव्हा बहुतेकांची नजर 1991च्या टिपणावर खिळते. ते टिपण मलाही मोलाचं वाटतं. पण तोवर उशीर झाला होता. मार्च 1989च्या भेटीआधी पंतप्रधानांच्या हाती जे टाचण गेलं असेल, त्यात एकच वाक्य पक्कं असायला हवं होतं: अभ्यास पूर्ण होईपर्यंत आकडा उच्चारू नये. ‘आम्ही गांभीर्यानं विचार करत आहोत’ एवढं म्हणूनही भेट पार पडली असती. आकडा तोंडातून गेला की त्यानंतरचा अभ्यास निर्णयासाठी राहत नाही, निर्णयाची सोबत करायला राहतो. अर्थतज्ज्ञांनी आपलं काम चोख केलं, तीनदा केलं, आणि तीनही वेळा ते ठरलेल्या गोष्टीमागून धावत होते.

किमतीची अटही घालता आली असती. तोंडी शब्द देतानाच ‘31.6 कोटींवर एक पौंडही वाढला तर प्रस्ताव आपोआप रद्द’ एवढं जोडलं असतं, तर कंपन्यांना किंमत वाढवायला धीर झाला नसता. मदतीचा शब्द पक्का आणि किंमत मोकळी, अशा व्यवहारात वाढ कुणाच्या खिशातून जाणार हे कंपनीला चांगलं कळतं.

एक प्रश्न माझ्यासाठी अजून सुटलेला नाही. 2005च्या पॅरिस जाहीरनाम्यापासून मदतीच्या धोरणात एक तत्त्व सर्वमान्य झालं: कशाची गरज आहे हे मदत घेणाऱ्या देशानं ठरवावं. धोरणाच्या भाषेत याला ‘मालकी’ म्हणतात. देणाऱ्यांच्या मनमानीला कंटाळलेल्या देशांनी मोठ्या कष्टानं मिळवलेलं हे तत्त्व आहे आणि ते मला पटतं. पण पर्गाऊ मलेशियाच्या सरकारनंच मागितलं होतं. त्या कसोटीवर ते पास झालं असतं. मग लंडनमधल्या अर्थतज्ज्ञानं ‘तुम्हाला हे परवडणार नाही’ म्हणणं हे मालकी हिरावणं होतं का? मला वाटतं, इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. मलेशियानं स्वतःच्या पैशानं, खुली निविदा काढून धरण बांधलं असतं तर तो त्यांचा अधिकार होता. पण बांधील मदतीमुळे किंमत झाकली गेली, आणि झाकलेल्या किमतीवर केलेली निवड ही पूर्ण निवड नसते. फेब्रुवारी 1990चं मूल्यमापन मलेशियाच्या वीजग्राहकांसमोर, त्यांच्या संसदेत, त्यांच्या वृत्तपत्रांत त्याच महिन्यात ठेवलं गेलं असतं, तर मालकीला खरा अर्थ आला असता. ते साडेतीन वर्षं लंडनच्या फायलींतच राहिलं.

आणि आता पुन्हा टिपणाकडे. सरकारच्या वकिलांकडे व्यापाराची कारणं होती, मैत्रीची होती, शब्द पाळण्याची होती. धरणामुळे मलेशियाचा विकास होईल असं सांगणारा पुरावा मात्र खात्यातून आलेला नव्हता, कारण खात्यानं 1991 मध्येच त्याच्या उलट लिहून ठेवलं होतं. खात्यातल्या कुणी वरिष्ठांची सोय म्हणून ‘काही प्रमाणात विकासास उपयुक्त’ असं एखादं मवाळ वाक्य फाईलवर टाकलं असतं, तर सरकारला उभं राहायला तेवढी जागा कदाचित पुरली असती. तसं वाक्य कुणी लिहिलं नाही.